शिपाई संपत नाही

प्रश्न विचारला गेला तेव्हा आवकसाहेबांच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात नुसताच मोजा. अशा अवस्थेतल्या माणसाला भौतिकशास्त्र विचारू नये, एवढी साधी सूचना पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला काय हरकत होती? पण छापणारे छापत नाहीत आणि भोगणारे भोगतात.

"बाबा," काबाई म्हणाली, "बल्बमध्ये गेलेली वीज दुसऱ्या तारेतून परत येते का रे?"

"परत कशाला येईल? बल्बमध्ये संपते," आवकसाहेब म्हणाले. "उजेड पडतो तो काय हवेतून? माझा दुसरा बूट कुठाय?"

बूट सापडला, ते कचेरीत गेले आणि उत्तर विसरूनही गेले. उत्तर मात्र त्यांना विसरलं नाही. पुढचा सगळा आठवडा ते त्यांच्या मागे हात धुऊन लागलं.

आवकसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. एका भल्यामोठ्या कचेरीत आवक टेबलावर त्यांची बावीस वर्षं गेली होती. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख, आणि खाली एक बारीक सही. शेजारच्या टेबलावर जावकबाई. जाणारा कागद त्यांच्या हातून जायचा. संध्याकाळी साडेपाचला दोघांच्या नोंदवह्या समोरासमोर यायच्या आणि आकडा जुळला की आवकसाहेबांचा चेहरा असा काही खुलायचा, की नवीन माणसाला वाटावं यांना बढती मिळाली. बढती मिळाली नव्हती. ती फाईल कुठे गेली, याचा तपास तेवढा त्यांना आजतागायत लागलेला नव्हता.

काबाई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, नववीतली. इतर मुलं पहिला शब्द आई म्हणतात, नाहीतर बाबा. ही 'का' म्हणाली. तेव्हा सगळ्यांना वाटलं कावळा म्हणायचं असेल. पण कावळा दिसत नसतानाही ती 'का' म्हणत राहिली, तेव्हा काय ते घरच्यांच्या लक्षात आलं. पंखा बंद केल्यावर लगेच का थांबत नाही? लिफ्ट खाली जाताना पोटात का कालवतं? आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का उलटत नाही? आवकसाहेब प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे. उत्तर माहीत असणं आणि उत्तर देणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली दुसरी त्यांना उत्तम जमायची. शिवाय त्यांना शाळेत भौतिकशास्त्रात अठ्ठ्याहत्तर गुण होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण ते महिन्यातून एकदा तरी सांगायचे.

मंगळवारी संध्याकाळी काबाई शाळेतून आली ती दप्तर कोपऱ्यात टाकून भिंतीकडे तोंड करून बसली.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही."

काबाईच्या तोंडून 'काही नाही' म्हणजे ताप असणार म्हणून आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग थोडं थोडं करून बाहेर आलं. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात विचारलं होतं, बल्बच्या आधी जेवढी विद्युतधारा असते तेवढीच बल्बच्या पुढे असते का? काबाईने हात वर केला आणि छाती पुढे काढून सांगितलं, नाही, ती बल्बमध्ये संपते. वर्ग हसला. बाईंनी विचारलं, हे कुणी सांगितलं? काबाई म्हणाली, माझ्या बाबांनी, त्यांना फिजिक्सला अठ्ठ्याहत्तर होते. मग तर मागचे बाक बडवून हसले.

"बाई हसल्या?" आवकसाहेबांनी ताठ होत विचारलं.

"थोड्याशा. म्हणाल्या, शनिवारी पालक येणारच आहेत प्रयोग बघायला, तेव्हा बाबांनाच घेऊन ये, दाखवू देत करून."

"दाखवतोच!"

"नको. मी प्रयोगांतून माझं नाव काढून घेणार आहे. आणि बाबा, यापुढे मी काही विचारणार नाही. पुस्तकात आहे ते पाठ करीन. बाकीचे तेच करतात, त्यांना कुणी हसत नाही."

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की आई पोळपाटावरचा हात थांबवून बघत राहिली. आवकसाहेबांना मात्र त्यातलं एवढंच ऐकू आलं, की एका शाळेत, तीसचाळीस मुलांच्या देखत, त्यांच्या अठ्ठ्याहत्तर गुणांना हसलं गेलं. माणसाच्या मानाला ठेच लागली की त्याचे कान असे अर्धवट बंद होतात.

"नाव अजिबात काढायचं नाही," ते गरजले. "शनिवारी मी स्वतः सिद्ध करून दाखवतो. वीज बल्बमध्ये संपते म्हणजे संपते!"

"त्याआधी बाथरूमचा बल्ब तेवढा बदला," आई म्हणाली. "तो संपून तीन आठवडे झाले."

बुधवारी ते कचेरीतून येताना विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. टॉर्चचे दोन छोटे बल्ब, दोन सेल, तार आणि चिमटे मागितले. दुकानदार म्हणाला, "असले बल्ब आता कोण वापरतं साहेब? मुलगी कितवीला आहे?" आवकसाहेबांनी हा माझा स्वतःचा प्रयोग आहे असं बाणेदारपणे सांगितलं. तेव्हा दुकानदाराने गल्ल्यावरच्या आपल्या वडिलांना हाक मारली, आणि वडिलांनी चष्मा वर करून आवकसाहेबांना डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. सामान मिळालं. बाथरूमचा बल्ब घ्यायचा राहिला.

काबाईचा प्रयोग पुस्तकातलाच होता: दोन बल्ब आधी एकसर जोडणीत लावायचे, मग समांतर जोडणीत. एकसरचा अर्थ त्यांनी बरोबर लावला. माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक बल्ब, झालं. समांतरशी मात्र त्यांची जुनी ओळख होती. नोंदवहीत बावीस वर्षं पट्टीने समांतर रेघा आखणाऱ्या माणसाला समांतर म्हणजे काय हे कुणी शिकवावं? त्यांनी कचेरीची फूटपट्टी काढली, फळीवर खिळे ठोकले आणि दोन तारा अशा बसवल्या, की कुठेही मोजा, अंतर दोन इंच. ना सुताने कमी, ना सुताने जास्त. मधे दोन बल्ब. मग सेल लावले.

उजेड पडला नाही.

त्यांनी सेल उलटे केले, बल्ब पिळले, अंतर पुन्हा मोजलं. एका ठिकाणी केसभर फरक निघाला, तो खिळा उपटून नव्याने ठोकला. तरी अंधारच.

"बाबा, पुस्तकातल्या चित्रात तारांची टोकं सेलपाशी जुळलीत," काबाई हळूच म्हणाली.

"चित्र काढणाऱ्याची चूक आहे. समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत. मिळाल्या तर त्या समांतर कसल्या?"

एरवी या वाक्यावर काबाईने किमान सहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी ती "बरं" म्हणाली.

खिळे ठोकल्याच्या आवाजाने वायरमनकाका आले. समोरच्या जिन्याला राहणारे हे काका वीजमंडळातून निवृत्त झाले होते, पण टेस्टर अजून निवृत्त झालेला नव्हता, तो शर्टाच्या खिशात असायचाच. पेन हरवलं तर ते टेस्टरने सही करतील असं लोक म्हणत. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग आवकसाहेबांकडे, मग पुन्हा फळीकडे.

"आवकसाहेब, हे काय आहे?"

"समांतर जोडणी."

"ही जोडणी? यात काही जोडलेलं तर दिसत नाही!" आणि काका जे हसत सुटले ते दाराच्या चौकटीला धरून. मग त्यांनी दोन्ही बल्बांच्या दोन-दोन टोकांना एकत्र आणून सेलला लावलं आणि दोन्ही बल्ब लख्ख पेटले. "अहो, समांतर म्हणजे समान अंतर नव्हे. विजेला जायला दोन वाटा. निघताना एकत्र, मधे वेगळ्या, शेवटी पुन्हा एकत्र. पट्टी काय मोजताय?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे क्लासवाले सरही डोकावले. उजेड कशाचा हे बघायला आले असं ते म्हणाले, पण आले होते हसणं ऐकून.

"सर, तुम्हीच सांगा," आवकसाहेबांनी कळीचा मुद्दा काढला. "वीज बल्बमध्ये संपते की परत येते?"

"हा प्रश्न गेल्या दहा वर्षांत परीक्षेला आलेला नाही," सर म्हणाले. "जो येत नाही तो आम्ही करत नाही. व्ही बरोबर आय गुणिले आर. एवढं लिहायचं, पुढे जायचं."

"अहो पण खरं काय?"

"दोन मार्कांसाठी खरं काय करायचंय?"

"वीज काम करते नि जमिनीत जाते," वायरमनकाका ठामपणे म्हणाले. "पस्तीस वर्षं मी ती जमिनीत घातली आहे."

"या फळीत जमीन कुठाय?" सर म्हणाले. त्यावरून दोघांची अशी काही जुंपली, की आईने तिघांनाही चहा दिला आणि तिघांनीही भांडता भांडता तो प्यायला. मूळ प्रश्न बशीतल्या चहासारखा बशीतच राहिला. शेवटी काका म्हणाले, तुमची तारच हलकी आहे, मी चांगली देतो. आणि त्यांनी जिन्यातला घंटांच्या तारांचा डबा उघडला, त्यातली "कुणाच्याच कामाची नसलेली" तार काढली आणि बाकीच्या "होत्या तशा" लावून टाकल्या.

त्याचा परिणाम गुरुवारी सकाळी साडेसहाला कळला. सरांच्या क्लासला येणारा विद्यार्थी सरांच्या दारावरचं बटण दाबे आणि घंटा आवकसाहेबांच्या घरात वाजे. क्लासला अठरा विद्यार्थी होते. दोघे जण उशिरा आले आणि त्यांनी दोन-दोनदा दाबली. इकडे आवकसाहेबांच्या दाराशी उभा राहून पेपरवाला बटण दाबत होता आणि घंटा वाजत होती ती वायरमनकाकांच्या स्वयंपाकघरात. काकू बिचाऱ्या दर वेळी दार उघडून रिकाम्या जिन्याला "कोण आहे?" विचारत होत्या. काका मात्र म्हणत होते, "घंटा वाजतेय ना? मग जोडणी बरोबर आहे. दारं चुकलीत."

अशाने दबेल तो माणूस आवक टेबलावर टिकत नाही. आवकसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शाळेत गेले. बल्बच्या आधी किती वीज आणि नंतर किती, हे मोजायचं तर अमीटर हवा, आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेत होता. प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणाला, कार्यालयातून अर्ज आणा. कार्यालयाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "अर्जावर आवक क्रमांक टाकून आणा."

हे वाक्य आवकसाहेबांनी आयुष्यात दुसऱ्यांना हजारदा ऐकवलं होतं. खिडकीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि बरं वाटलं नाही.

"आवक कुठे आहे?"

"तिथे त्या टेबलावर. पण ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत."

"आवक रजेवर?" आवकसाहेबांचा आवाज चिरकला. "मग कागद येतात त्यांचं काय?"

कारकुनाने टेबलावरच्या ढिगाकडे बोट दाखवलं. ढीग चांगला वीतभर होता. तो पाहून आवकसाहेबांनी बाह्या सरसावल्या. पुढचं त्यांना नीटसं आठवत नाही. ते खिडकीपलीकडे गेले, खुर्ची ओढली, नोंदवही उघडली आणि आपला अर्ज नोंदवला. मग हात थांबेना म्हणून उरलेले एक्केचाळीस कागदही नोंदवले. मधे मुख्याध्यापिका येऊन "अरे वा, तुम्ही रुजू झालात? छान, ही दोन पत्रं आजच पाठवा" असं सांगून गेल्या, आणि आवकसाहेबांनी ती पाठवलीही. दीड तासाने अमीटर मिळाला. दोन मागितले होते, पण छापील नमुन्यात 'प्रति विद्यार्थी एक नग' असं होतं, आणि छापील नमुन्याशी आवकसाहेब कधीच वाद घालत नसत.

संध्याकाळी फळी टेबलावर आली. काबाईने मुकाट्याने चिमटे लावले. आधी अमीटर बल्बच्या अलीकडे. काटा तीनच्या रेघेवर. मग बल्बच्या पलीकडे. काटा तीनच्या रेघेवर.

"पुन्हा लाव," आवकसाहेब म्हणाले.

पुन्हा तीन. त्यांनी सेल फिरवले. तीन. बल्ब बदलला. जरा कमी, पण अलीकडे-पलीकडे सारखाच. त्यांनी दिवाणखान्यातला दिवा मालवला, टेबल खिडकीपासून दूर सरकवलं, आईला पाणी पिताना हलू नकोस म्हणून सांगितलं. तीन ते तीनच. जेवढी वीज बल्बमध्ये शिरत होती, तेवढीच बाहेर पडत होती. टिपूससुद्धा कमी नाही.

"मीटर बिघडलाय," ते म्हणाले. "थांब, मी थेट सेललाच लावून बघतो."

"बाबा, नको, पुस्तकात—"

चिमटे लागले. काटा सणसणत पलीकडच्या टोकाला जाऊन आपटला आणि तिथेच बसला. हलवलं, थोपटलं, फुंकर मारली, उपयोग शून्य. शाळेचा अमीटर, कालपर्यंत धडधाकट, आज त्यांच्या हातात निकामी होऊन पडला होता.

या सगळ्यात आवकसाहेबांना एक गोष्ट दिसली आणि ती त्यांच्या काळजाला लागली. काटा दोन्हीकडे तीनवर थांबला तेव्हा काबाईचे डोळे मोठे झाले होते. तोंड उघडलं होतं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता: सगळीच्या सगळी परत येते, तर मग सेल संपतो कशाने? तो प्रश्न त्यांना स्वच्छ दिसला, कारण तो त्यांनाही पडला होता. आणि मग तिने तोंड मिटून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे बाबा. मी पाठ करते."

आवकसाहेब खुर्चीत बसून राहिले. त्यांना स्वतःची शाळा आठवली. नववीतच असतील तेव्हा. चेंडू वर जाऊन थांबतो त्या क्षणी तो पडत का नाही, असं काहीतरी त्यांनी विचारलं होतं आणि मास्तर म्हणाले होते, खाली बस, शहाणा. ते बसले. त्यानंतर त्यांनी कधीच काही विचारलं नाही. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तो काय म्हणतो हे वाचायचं नाही, हे त्यांना कचेरीने शिकवलं नव्हतं, ते शिकूनच आले होते. आता तीच बसण्याची पाळी त्यांनी आपल्या पोरीवर आणली होती, तीही एका पायात बूट असताना. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

शुक्रवारी कचेरीत त्यांचं लक्ष नव्हतं. एका पत्रावर दोनदा शिक्का बसला. संध्याकाळी साडेपाचला जावकबाईंनी वही समोर धरली. "आवक दोनशे बारा."

"जावक?"

"दोनशे बारा. आलं तेवढं गेलं. जुळलं एकदाचं."

आवकसाहेब वहीकडे बघत राहिले. एवढ्यात शिपाई आला. रोज सकाळी तो टपालाची पिशवी भरून निघायचा, चारही मजल्यांवरच्या टेबलांवर पत्रं टाकायचा आणि फेरी संपवून परत यायचा. आत्ताही तो आला, रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि स्टुलावर बसून म्हणाला, "संपलो बुवा आज."

"काय म्हणालास?"

"संपलो म्हणालो. चार जिने साहेब!"

"कुठे संपलास?" आवकसाहेब खुर्चीतून उठले. "तू तर इथे आहेस! अख्खाच्या अख्खा परत आलास! संपलं ते पिशवीतलं टपाल. तू नाही संपलास! बाई, शिपाई संपत नाही!"

"त्याला काय धाड भरलीय संपायला?" जावकबाई म्हणाल्या. शिपायाने हळूच स्टूल मागे घेतलं.

"जेवढे शिपाई वर जातात तेवढेच खाली येतात. आवक बरोबर जावक! फक्त जाताना पिशवी भरलेली, येताना रिकामी. टेबलावर उतरतं ते टपाल, तोच उजेड! आणि सेल म्हणजे आपण. आपल्याकडचं टपाल संपलं की शिपाई जागच्या जागी असून उपयोग नाही!" एवढं बोलून त्यांनी शिपायाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि ते छत्री विसरून घरी गेले. जावकबाईंनी शिपायाला विचारलं, "यांच्या बढतीचं काही आलंय का रे?"

घरी काबाई खोलीत येरझाऱ्या घालत 'विद्युत परिपथाच्या' व्याख्या घोकत होती. आवकसाहेबांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिला इथे सांगणं सोपं होतं. पण तिला हसले होते ते सगळ्यांसमोर, तेव्हा जे काय सांगायचं ते सगळ्यांसमोरच सांगायला हवं होतं.

शनिवारी सकाळी ते इस्त्रीचे कपडे घालून आधी प्रयोगशाळेत गेले आणि खाली मान घालून अमीटर आणि 'बिघाडाबाबत निवेदन' असा दोन पानी अर्ज मदतनीसापुढे ठेवला. मदतनीसाने अर्ज बाजूला सारला, अमीटरला मागून एक टिचकी मारली, आणि काटा सुरसुरत शून्यावर आला. "अडकतो तो. पोरं रोज थेट सेलला लावतात," तो म्हणाला. ज्या अपराधासाठी त्यांची दोन रात्रींची झोप उडाली होती, तो नववीतली पोरं रोज करत होती हे ऐकून त्यांना हायसं वाटावं की अपमान, तेच कळेना.

वर्गात बाकं भिंतींना लावली होती. काबाई आपल्या फळीमागे उभी होती, शेजारी आई. विज्ञानाच्या बाई एकेका टेबलापाशी थांबत आल्या, मागे पालक, त्यांच्या मागे ती बाक बडवणारी मुलं.

"हं, सांग," बाई म्हणाल्या.

"एकसर जोडणीत सर्व घटकांमधून समान विद्युतधारा वाहते," काबाई एका सुरात सुरू झाली. आवाजात काही नव्हतं. रस्त्यावरची पाटी वाचावी तसं ती बोलत होती.

"बाई, एक मिनिट," आवकसाहेब म्हणाले. "परवा हिने वर्गात जे उत्तर दिलं ते हिचं नव्हतं. हिने प्रश्न विचारला होता, आणि तो चांगला होता. उत्तर माझं होतं, आणि ते चूक होतं. तुम्ही हसलात ते मला हसलात, तेव्हा मुलांनो, हसायचं तर इकडे बघून हसा. आणखी एक. मला फिजिक्सला अठ्ठ्याहत्तर नव्हते. अडतीस होते."



"अडतीस?" आई म्हणाली. "अहो, सोळा वर्षं अठ्ठ्याहत्तर सांगताय!"

"घरी बोलू," आवकसाहेब म्हणाले, आणि मग त्यांनी शिपाई सांगितला. पिशवी, चार मजले, आवक, जावक. काटा दोन्हीकडे तीनवर का थांबला ते सांगितलं. समांतर जोडणी म्हणजे इमारतीला दोन जिने, काही शिपाई इकडून जातात, काही तिकडून, खाली दाराशी पुन्हा सगळे एकत्र, आणि मोजून बघा, एकही कमी नसतो, हेही सांगितलं. आपण पट्टीने मोजून तारा कशा बसवल्या होत्या तेसुद्धा त्यांनी लपवलं नाही. मुलं हसली, अगदी पोट धरून हसली, पण त्या हसण्यात आता बोचरं काही नव्हतं, आणि आवकसाहेबही त्यात हसले. बाक बडवणाऱ्यांतला एक जण म्हणाला, "सर, म्हणजे शिपाई दमला की बल्ब मंद होतो?" "दमला की नाही रे, टपाल कमी दिलं की!" आवकसाहेब म्हणाले. बावीस वर्षांत त्यांना सर म्हणून कुणी हाक मारली नव्हती.

बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीही परवा हसायला नको होतं."

आवकसाहेबांनी काबाईकडे पाहिलं. ती फळीकडे बघत होती. कपाळाला एक बारीक आठी पडली होती. तिने तोंड उघडलं, मागच्या मुलांकडे एकदा पाहिलं, आणि त्यांना वाटलं, मिटणार. संपलं.

"पण बाबा," काबाई म्हणाली, "शिपायाला वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागतो ना? मग मी बटण दाबल्या दाबल्या बल्ब लगेच का लागतो?"

वर्गात कुणी हसलं नाही. मुलांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी आवकसाहेबांकडे.

जुने आवकसाहेब असते तर त्यांनी तिथल्या तिथे, ठणठणीत आवाजात, काहीतरी सांगून टाकलं असतं. "मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि हे तीन शब्द उच्चारताना त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले. "खरंच माहीत नाही गं!"

"मला आहे," बाई खडू शोधत म्हणाल्या, "पण असं उभ्या उभ्या नाही सांगता यायचं. सोमवारी अख्खा तास घेऊ यावर. आणि काबाईच सुरुवात करेल."

तिचं घरातलं नाव बाईंना कसं कळलं कोण जाणे. आईने सांगितलं असणार.

आवकसाहेबांनी खिशातून छोटी वही काढली, पट्टी नसल्यामुळे हातानेच तिरकी रेघ मारली आणि दोन रकाने केले. डावीकडे लिहिलं: आवक क्रमांक एक, बल्ब लगेच का लागतो. तारीख टाकली, खाली बारीक सही केली. उजवीकडचा जावकचा रकाना कोराच राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोरा रकाना पाहून त्यांना अस्वस्थ वाटलं नाही.

परतताना आई मधेच थांबून "अडतीस!" म्हणत होती आणि पुन्हा चालू लागत होती. वाटेत दुकानात शिरून आवकसाहेबांनी बाथरूमसाठी बल्ब घेतला. दुकानदाराच्या वडिलांनी चष्मा वर केला. काबाई बापाच्या हाताला धरून चालत होती आणि बोलत होती. काचेच्या आत हवा का नसते? तार तापते तर वितळत का नाही? सेलवर अधिक-उणे कुणी ठरवलं? आवकसाहेब दर दहा पावलांवर थांबून वहीत लिहीत होते. जिन्याशी पोचेपर्यंत आवक नऊवर गेली होती. त्यांनी सवयीने आपल्या दाराची घंटा दाबली, समोरच्या जिन्यावर वायरमनकाकांकडच्या काकू दार उघडून "कोण आहे?" म्हणाल्या, आणि काबाई लगेच म्हणाली, "बाबा, आपली घंटा तिकडे का वाजते?"

"लिही," आवकसाहेब म्हणाले आणि वही तिच्याच हातात दिली. "दहा."